बारावी आर्ट्सनंतर नर्सिंग: दागिने मोडण्याआधी एवढं बघा

दादा, तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी बारावी आर्ट्स झाली. तालुक्याला एका संस्थेत वर्षभराचा ‘प्रॅक्टिकल नर्सिंग’ कोर्स 45 हजारांत आहे, जिल्ह्याला खासगी कॉलेजात एएनएमची (सहायक नर्सच्या कोर्सची) दोन वर्षांची फी 1 लाख 60 हजार सांगतात. वहिनींचे दागिने मोडून यातलं काय करावं, आणि घातलेला पैसा निघतो का? मी आधी एएनएम आणि नंतर जीएनएम (त्यावरचा, नर्सिंगचा डिप्लोमा) केलं. सतरा वर्षं वॉर्डात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

45 हजारांचा कोर्स अजिबात करू नका. स्वस्त दिसतो, पण सगळ्यात महाग तोच पडतो. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि या वर्षभराच्या कोर्सवर ती मिळत नाही. आमच्याकडे अशीच एक मुलगी होती. हात इतका चांगला की लहान बाळाची शीर आम्हाला सापडली नाही तर आम्ही तिलाच हाक मारायचो. सहा वर्षं झाली तरी पगारपत्रकावर ‘अटेंडंट’ आणि पगारही तेवढाच. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची जाहिरात निघाली तेव्हा आमच्यासोबत तीही फॉर्म भरायला बसली. नोंदणी क्रमांकाच्या रकान्याशी आली आणि थांबली. तिच्या वडिलांनीही स्वस्तात होतंय म्हणूनच तिला तिथे घातलं होतं. तो दिवस मी विसरू शकत नाही.

आता एएनएम. 1 लाख 60 हजार ही फक्त फी झाली. माझ्या आईने माझा खर्च एका वहीत लिहून ठेवला होता: मेस, खोली, दोन गणवेश, पांढरे बूट, जर्नल्स, केस बुक, परीक्षेचे फॉर्म, पोस्टिंगला जायचं एसटीचं भाडं, शेवटी नोंदणीची फी. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल नसेल तर मुली सिव्हिलला, नाहीतर दूरच्या ग्रामीण रुग्णालयात जातात आणि जाण्यायेण्याचा खर्च तुमच्यावरच येतो. त्यामुळे हिशेब अडीच लाखांच्या पुढचाच धरा.

मिळकत काय? तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलात नवी एएनएम मुलगी आठ-दहा हजारांवर लागते, हे मी रोज बघते. त्यातून खोलीभाडं आणि जेवण वजा जाता महिन्याला तीन हजार उरले तरी खूप. त्या हिशेबाने अडीच लाख निघायला सात वर्षं लागतात. तीच मुलगी अभियानात कंत्राटी लागली तर आमच्या भागातल्या जाहिरातींत एएनएमला 18 हजार मानधन असायचं. घराजवळ पोस्टिंग मिळालं तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. आणि जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका म्हणून कायम लागली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेतनश्रेणी 25,500 ते 81,100, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. मग फीचा प्रश्नच उरत नाही. कोर्स तोच, फी तीच, फरक फक्त नोकरी कुठे लागते त्याचा.

पण कायम नोकरीची वाट किती बघायची, हेही धरा. जिल्हा परिषदांची भरती मार्च 2019 मध्ये निघाली, रखडली आणि शेवटी रद्द झाली. नवी जाहिरात आली ती ऑगस्ट 2023 मध्ये. मधल्या चार वर्षांत माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली आठ हजारांवर डबल ड्युटी करत राहिल्या. काहींची लग्नं झाली आणि काम सुटलं ते सुटलंच. खासगीतल्या पगाराबद्दल 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती. 50 खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातसुद्धा नर्सला 20 हजारांपेक्षा कमी नको, असं समितीने सांगितलं. आमच्या तालुक्यात तेवढा पगार नव्या मुलीला मिळालेला मी अजून पाहिला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सरकारी शाळेत एएनएमला नंबर लागला तर डोळे झाकून घ्या, तिथली फी खासगीच्या मानाने काहीच नाही. खासगीतच पैसे घालायचे असतील तर जीएनएमला घाला. तीन वर्षांचा कोर्स आहे, आर्ट्सवाल्या मुलींनाही चालतो, फक्त बारावीला इंग्रजी हवं आणि 40 टक्के हवेत. फी जास्त जाते, पण पुढे वाटा पुष्कळ आहेत. सरकारी अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) श्रेणी 35,400 पासून सुरू होते. 50 खाटांच्या हॉस्पिटलात दोन वर्षं काढली की एम्सची नॉरसेट ही नर्सभरतीची परीक्षाही देता येते, तिथे मूळ पगार 44,900 आहे. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करता येतं. मी एएनएम सरकारी शाळेतून केलं, चार वर्षं उपकेंद्रावर काढली आणि साठवलेल्या पैशांतून जीएनएम केलं. दोन्ही कोर्सना खासगीत पैसे भरावे लागले असते तर ते आम्हाला झेपलं नसतं.

उपकेंद्राची चार वर्षं मात्र मला वाया गेली असं कधीच वाटलं नाही. सकाळी पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) लशींचा डबा घ्यायचा, त्यात चार आइसपॅक, तो खांद्याला अडकवून वाडीवर जायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आशाताई पलीकडून दोर धरायच्या. बाळांना लस देऊन झाली की बायका अंगणात बसवून चहा द्यायच्या आणि सासूसमोर सांगता येत नाही ते हळूच सांगायच्या. मुलीला हे काम आवडेल का, हे तिलाच विचारा. जमलं तर तुमच्या गावच्या सिस्टरसोबत तिला एक दिवस लसीकरणाला पाठवा.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता याच वर्षाची आहे का, ते कागद हातात घेऊन बघा, भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका. आणि मूळ कागदपत्रं कुठेही ठेवून घेऊ देऊ नका. माझी एका हॉस्पिटलने दीड वर्ष अडकवून ठेवली होती. ‘बॉण्ड संपल्यावर या’ एवढंच सांगायचे. तेवढ्यात एका सरकारी भरतीची कागदपत्रं तपासणी होऊन गेली आणि मी घरीच राहिले. झेरॉक्स द्या, मूळ प्रत दाखवा आणि परत घ्या.

दागिन्यांना हात लावण्याआधी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तुमच्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला कुठली शिष्यवृत्ती बसते ते बघा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा, ऐन प्रवेशाच्या वेळी तिथे रांग लागते. मुलीचे इंग्रजीचे मार्क आणि तुमचा जिल्हा इथे कळवा, अर्ज कुठे कुठे टाकायचे ते मी सांगते.