कडाक्याची थंडी पडली तर वसंतात परागकणांची अ‍ॅलर्जी कमी होते का?

यंदाच्या कडक थंडीने झाडांचे परागकण मरतील आणि वसंतात शिंका कमी येतील का, असं तुम्ही विचारलंय. तशी आशा धरू नका. मला बर्च या थंड प्रदेशातल्या झाडाच्या परागकणांचा त्रास आहे. एका वर्षी मीही हाच समज धरून औषध लांबवलं होतं, आणि पुढचे तीन आठवडे धड झोप मिळाली नाही.

मुळात हे परागकण हिवाळ्यात तयार होतच नाहीत. हेझल, आल्डर, बर्च ही थंड प्रदेशातली झाडं आपले नर तुरे, म्हणजे परागकण देणारे लोंबते फुलोरे, आदल्या उन्हाळ्यातच धरतात. पानं झडल्यावर हेझलची फांदी जवळून बघा. बोटाच्या पेराएवढे घट्ट तुरे तिथे आधीच लटकत असतात. त्यांना टिचकी मारा, काही पडत नाही. बर्फ आणि दहिवर ते निमूट सोसतात. मग दोन-चार उबदार, कोरडे दिवस आले की तेच तुरे सैल होऊन लांब लोंबू लागतात, आणि तशाच टिचकीने पिवळी भुकटी हवेत उडते. म्हणजे माल किती, हे बरंचसं आदल्या उन्हाळ्यात ठरलेलं असतं. जपानमध्ये सुगी नावाच्या वृक्षाच्या परागकणांनी असंख्य लोक बेजार होतात, आणि तिथे पुढच्या हंगामाचा अंदाज बांधताना आदल्या उन्हाळ्यातलं ऊन आणि तापमान पाहतात.

हिवाळा ठरवतो ते मुख्यतः 'केव्हा'. झाडाला आधी थंडीचे ठरावीक तास लागतात, साधारण 0 ते 7 अंश सेल्सियसच्या आसपासचे. ते पुरे झाले की झोप संपते आणि पुढे ऊब साठत गेली की फुलोरा उघडतो. हिवाळा सौम्य असेल तर हेझल आणि आल्डर जानेवारीतच परागकण सोडू लागतात. लोकांना त्या शिंका सर्दीच्या वाटतात. उत्तर अमेरिकेतल्या 1990 ते 2018 या काळातल्या नोंदींत परागहंगाम सुमारे 20 दिवस अलीकडे सरकलेला आणि परागकण 21 टक्क्यांनी वाढलेले दिसले. हंगाम अलीकडे सरकण्यात तापमानवाढीचा मोठा वाटा आहे.

थंडी लांबली तर उलट होतं, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं तेच आहे. सगळी झाडं अडून बसतात. एरवी एकामागून एक फुलणारी झाडं, एकदम ऊब आली की थोड्याच दिवसांत दाटीवाटीने फुलतात. हंगाम उशिरा येतो, आखूड असतो, पण मारा जोरदार. माझं ते वाईट वर्ष असंच होतं.

काही झाडं तर थंडीतच फुलतात. टेक्सासमधला माउंटन सीडर (खरं तर हा जुनिपर) डिसेंबर-जानेवारीत फुलतो. थंड हवेची लाट येऊन गेली आणि कोरडा वारा सुटला की झाडातून धूर निघाल्यासारखे परागकणांचे लोट उठतात. तिथे त्याला 'सीडर फीवर' म्हणतात.

हंगाम सुरू झाल्यावर मात्र त्या-त्या दिवसाची हवा बघायची. संततधार पावसाने हवा धुऊन निघते. कोरडा, वाऱ्याचा दिवस सगळ्यात वाईट. वादळी पावसापासूनही सावध राहा, कारण ओलाव्याने कण फुटून त्यांचे बारीक तुकडे थेट छातीत जाऊ शकतात.

मी आता कॅलेंडर बघत नाही, तुरे बघते. नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे डॉक्टरांच्या सल्ल्याने अंदाजे दोन आठवडे आधी सुरू करते, कारण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला वेळ लागतो. शिवाय नाक एकदा चिडलं की नंतर थोडे कणही पुरतात, म्हणून पहिले दिवस सांभाळणं फार मोलाचं. सर्दी की अ‍ॅलर्जी हे कळत नसेल तर खाजेकडे लक्ष द्या. डोळे आणि टाळू खाजते, नाकातून पाण्यासारखं वाहतं, ताप नाही आणि आठवडा उलटला तरी थांबत नाही, तर बहुधा अ‍ॅलर्जीच.

श्वास घेताना घरघर होत असेल किंवा छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर ऋतू बदलण्याची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.