चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी पुन्हा तीच भीती

"मॅडम, आधी एक सांगा. एकदा शिकलेलं माणूस असं विसरतं का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आतच वैशालीने विचारलं. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) वय ३८, साताऱ्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बारा वर्षं स्कूटर चालवली. मागच्या पावसाळ्यात शाळेतून परतताना मागच्या ट्रकने कर्कश हॉर्न दिला, ती दचकून कडेला गेली, तिथे खडी पसरलेली. गाडी घसरली, मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर दीड महिन्यात निघालं, पण गाडी जिन्याखाली झाकूनच राहिली.

मग नवऱ्याने मनावर घेतलं. आधी मैदानावर, मग कॉलनीत, मग थेट पोवई नाक्यापर्यंत. दोन आठवडे छान गेले. आणि एका सोमवारी कॉलनीच्या तोंडाशीच टेम्पोने हॉर्न वाजवला, हिचे हात गार पडले, पाय खाली टेकले आणि गाडी ढकलत घरी आणावी लागली. पहिले पाढे पंचावन्न. असं तीनदा झालं होतं.

"घरात म्हणतात, तू मनाने घेतलंयस. मला वाटतं, माझ्या डोक्यातच काही बिघडलंय."

लिफ्टची भीती असो, स्टेजची असो, विहिरीत पोहण्याची असो, गेलेली भीती परत आली की माणसं हेच विचारतात. भीती एकदा गेली म्हणजे फळा पुसल्यासारखी गेली, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हला आपल्या कुत्र्यांमध्ये हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. घंटा वाजवून खाणं द्यायचं थांबवलं की काही काळाने लाळ सुटायची थांबते, पण मध्ये थोडा वेळ जाऊ दिला की तीच घंटा ऐकून पुन्हा सुटते. जुना धडा पुसला जात नाही, त्याच्याशेजारी दुसरा लिहिला जातो. 'हॉर्न म्हणजे पडणं' हा वैशालीचा जुना धडा, आणि 'हॉर्न वाजला तरी काही होत नाही' हा नवा. ऐनवेळी कोणतं पान उघडेल, यावर सगळं.

जुना धडा इतका पक्का का, तेही मी तिला सांगितलं. पडलो त्या क्षणी ॲड्रेनलिन उसळतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं. ही दोन्ही मेंदूतल्या बदामाएवढ्या ॲमिग्डलामार्फत त्या वेळची आठवण घट्ट करतात. म्हणून ट्रकच्या पुढच्या काचेवरचा लिंबू-मिरचीचा हार तिला आजही दिसतो, पण त्या दिवशी डब्यात काय होतं ते आठवत नाही.

पण हेच कॉर्टिसॉल आठवण बाहेर काढायच्या वेळी आडवं येतं. १९९८ साली द क्वर्व्हाँ, रोझेनडाल आणि मॅकगॉ यांनी उंदरांना पाण्यात बुडालेला चौथरा शोधायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी शोधायच्या अर्धा तास आधी हलका विजेचा झटका दिला, तर शिकलेले उंदीर वेड्यासारखे इकडेतिकडे पोहत राहिले. चौथरा कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं, त्या वेळी आठवत नव्हतं एवढंच.

वैशाली हसली. "आमच्या वर्गात एक पोरगा आहे. बाकावर सातचा पाढा घडाघडा म्हणतो. केंद्रप्रमुख आले की सात चोक बावीस."

याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

मी तिला एक वही घालायला सांगितली. गाडी चालवली की तारीख, वेळ, रस्ता आणि भीती शून्य ते दहामध्ये किती. आणि इथे माझी एक चूक कबूल करते. मी स्वतः बाई, पण पहिल्या दोन भेटींत मी तिला पाळीबद्दल विचारलंच नाही. झोप विचारली, जेवण विचारलं, सासूबाईंचा स्वभावसुद्धा विचारला. भीतीवरचं बरंचसं जुनं संशोधन नर उंदरांवर झालेलं आहे आणि आपली विचारण्याची सवयही त्याच वळणाची.

तिसऱ्या भेटीला ती वहीसोबत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयची पानं घेऊन आली. दुधाच्या खाड्यांच्या फुल्या, गॅस लागल्याची तारीख, आणि काही चौकोनांच्या कोपऱ्यात लाल पेनचा बारीक ठिपका. तो ठिपका कशाचा, हे मराठी घरातल्या बाईला सांगावं लागत नाही. तिने वही शेजारी ठेवली आणि बोटाने दाखवलं. गाडी ढकलत आणलेल्या तीन दिवसांपैकी दोन दिवस ठिपक्याच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी.

पाळी सुरू होते तेव्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही तळाला असतात. पुढे इस्ट्रोजेन चढत जातं आणि बीज सुटायच्या अगदी आधी शिखर गाठतं. १९९० मध्ये वूली आणि मॅकइवन यांनी उंदरांच्या माद्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणीचं महत्त्वाचं केंद्र, तपासला. चक्र जेमतेम चार-पाच दिवसांचं, पण तेवढ्यात तिथल्या पेशींच्या फांद्यांवरचे काटे, जिथे एक पेशी दुसरीशी जोडली जाते, कमी-जास्त होताना दिसले. पुढे मोहम्मद मिलाद यांच्या गटाने माणसांवर केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की इस्ट्रोजेन कमी असताना भीती विझवायचा धडा स्त्रिया घेतात, पण दुसऱ्या दिवशी तो आठवायला कमी पडतात. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हे इतकं स्वच्छ दिसलेलं नाही, आणि बाईगणिक फरक असतोच. शिवाय तीन दिवसांपैकी दोन, ही काही आकडेवारी नव्हे. हे तिला मी तेव्हाच सांगितलं.

तिसरा दिवस तर या हिशोबात बसतच नव्हता. ठिपक्यापासून चांगला लांब. वहीत मात्र तिने लिहिलं होतं: 'काल शाळा तपासणी. रात्री चार तास झोप. निघताना ह्यांच्याशी वाजलं.' म्हणजे त्या दिवशी कॉर्टिसॉलवर संशय घ्यायला जागा होती.

चौथ्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. माणूस प्रेमळ, पण मागच्या सीटवरून "क्लच... नाही, ब्रेक, ब्रेक दाब! अगं बघ की समोर!" करणारा. (आपल्या स्कूटरला क्लच नाही, हे वैशालीने तिथेच सुनावलं.) सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे बायकांच्या हार्मोन्सचा प्रॉब्लेम."

या वाक्याची मला भीतीच होती. मी म्हटलं, इस्ट्रोजेन तुमच्याही मेंदूत आहे. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन मेंदूत काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्येच बदलतं, आणि नर उंदरांमध्ये हे बदलणं औषधाने अडवलं तर त्यांनाही भीती विझल्याचा धडा नीट आठवत नाही. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

ताण आला की बायका शिकण्यात मागे पडतात, असंही सरसकट म्हणता येत नाही. १९९८ मध्येच वुड आणि शॉर्स यांनी दाखवलं होतं की ताणानंतर पापणी मिटण्याचा एक साधा धडा नर उंदीर लवकर शिकले, माद्या उशिरा. पण ज्या माद्यांची बीजांडं काढली होती त्यांच्या शिकण्याला ताणाचा असा फटका बसला नाही. धडा कोणता, ताण कधी आला, शरीरात त्या दिवशी काय चाललंय, या सगळ्यावर ते ठरतं. 'बायकांचं असंच असतं' या वाक्यात यातलं काहीच मावत नाही.

"मग पाळीच्या दिवसांत गाडी चालवूच नको का?" वैशालीने विचारलं. उलट, असं मी म्हटलं. तेवढे दिवस टाळले तर मेंदू 'टाळलं म्हणून वाचलो' हा तिसराच धडा शिकतो, आणि तो तिन्हींत चिवट. त्या दिवशी अंतर कमी करायचं. नाका नको, कोपऱ्यावरचं दुकान पुरे. आकडा आठ आला तर आठ लिहायचा, त्यावरून निकाल लावायचा नाही. पोट फारच दुखत असेल तर घरी बसायचं, पण ते दुखण्यासाठी, भीतीसाठी नव्हे. तिला वही आवडली होती, म्हणून हे सगळं तिने माझ्यासमोरच पहिल्या पानावर लिहून काढलं, मुलांना गृहपाठ देतात तसं, आकडे घालून.

सरावाची वेळही बदलली. ते दोघं संध्याकाळी सातला निघायचे, दोघंही दमलेले, नाक्यावर गर्दी. कॉर्टिसॉल नैसर्गिकपणे सकाळी जास्त असतं, उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी चढतं. भांडणातून, दडपणातून उसळणारं कॉर्टिसॉल आठवण अडवतं, पण सरावाच्या वेळी ते योग्य मापात असेल तर नवा धडा पक्का करायलाही तेच मदत करतं. २०११ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये उंचीची भीती असणाऱ्या ४० जणांवर प्रयोग झाला. आभासी उंचीवर सराव करण्याआधी ज्यांना कॉर्टिसॉलची गोळी दिली, त्यांची भीती नंतर जास्त उतरलेली होती. हे ऐकताच नवऱ्याने गोळीचं नाव विचारलं. ती स्टेरॉइडची गोळी आहे, मेडिकलमधून आणून घ्यायची वस्तू नाही, हे मी दोनदा सांगितलं. आपल्याला सकाळचे साडेसहा फुकट मिळतात.

रस्तेही बदलत ठेवायला सांगितले, कारण एकाच रस्त्यावर गेलेली भीती दुसऱ्या रस्त्यावर परत भेटते. हॉर्नचा आवाज तिने मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि भाजी निवडताना लावून ठेवू लागली. सासूबाई दोन दिवस वैतागल्या, मग त्यांनाही ऐकू येईनासा झाला.

या गोष्टीला आता सात महिने झाले. हायवेला ती अजून जात नाही, माहेरी एसटीनेच जाते, आणि त्याची घाई मलाही नाही. शाळेत गाडीने जाते. मागच्या महिन्याच्या पानावर लाल ठिपक्याच्या दिवशी वहीत 'भीती ७' आणि पुढे 'शाळा, जाऊन येऊन' असं लिहिलेलं मी पाहिलं.

नवरा अधूनमधून मागे बसतो. तोंडातून ब्र काढायचा नाही, अशी अट आहे. तो मागची दांडी दोन्ही हातांनी धरून बसतो, असं वैशाली सांगते. त्याची भीती दहापैकी किती, ते मात्र त्याने अजून वहीत लिहिलेलं नाही.