‘वर्जन’ पुसा, आवृत्ती निघते

प्रश्न असा: एका मुक्तस्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मराठी पानावर ‘रिलीज’साठी विमोचन, प्रकाशन की आवृत्ती लिहावं? सध्या तिथे ‘नवीन वर्जन उपलब्ध’ असं आहे.

आधी ते ‘वर्जन’ पुसा. हे जागोजागी दिसतं आणि प्रत्येक वेळी डोकं उठतं. वर्जन म्हणजे टाकणं, वगळणं. ‘वर्ज्य’ ज्या वृज् धातूचा, त्याचाच हा शब्द. म्हणजे वापरा म्हणून सांगायचं आणि लिहायचं टाकून द्या! इंग्रजी शब्दच हवा असेल तर निदान ‘व्हर्जन’ लिहा.

पण तो तरी कशाला हवा? आवृत्ती ही व्हर्जनची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहे. व्हर्जन आला लॅटिन ‘व्हेर्तेरे’वरून, अर्थ वळणं, वळवणं. आपला वृत् धातू आणि हा व्हेर्तेरे एकाच इंडो-युरोपीय मुळातून फुटलेले. आ + वृत् म्हणजे आवृत्ती. वर्तुळ, परिवर्तन, आवर्तन ही सगळी त्याच घरची मंडळी. दिव्यातली वातसुद्धा: संस्कृत वर्ती, प्राकृत वत्ती, मराठी वात, कारण ती तळहातावर वळतात. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन वाटा एका आकड्याच्या पाटीवर पुन्हा भेटतात, आणि आपण मध्येच वृज् आणून उभा करतो.

यावर काही शब्दपंडितांचा ठरलेला आक्षेप असतो की आवृत्ती म्हणजे पुनरावृत्ती, जुनंच पुन्हा. नव्या मालाला हा शब्द चालणार नाही. मला हा आक्षेप साफ अमान्य आहे. धातूचा अर्थ वळणं आहे, आणि वळलेली वस्तू तीच राहूनही वेगळी दिसते. इंग्रजीतही ‘व्हर्जन’चा जुना अर्थ भाषांतर असाच होता: मजकूर तोच, वळवलेला. खरा घोळ पुस्तकांच्या धंद्याने केला. एक अक्षर न बदलता पुन्हा छापलेल्या प्रतीला पुनर्मुद्रण म्हणायचं सोडून ‘दुसरी आवृत्ती’ म्हणायची सवय लावली. सॉफ्टवेअरवाले यात जास्त काटेकोर आहेत. सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्तीला तीन आकडे देण्याच्या पद्धतीचा नियमच आहे की एकदा बाहेर पडलेल्या आवृत्तीत काही बदलायचं नाही. बदल केला तर नवा आकडा. जुन्याशी न जुळणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, जुळणारी नवी सोय आली तर दुसरा, नुसती चूक दुरुस्त केली तर तिसरा. (ते टिंब दशांशचिन्ह नव्हे. १.९.० नंतर १.१०.० येते, ‘एक पूर्णांक दहा’ वाचू नका.)

विमोचन मला नको. पुस्तकाचं विमोचन ही हिंदीची लकब. मराठीत पुस्तकाचं प्रकाशन होतं. वेदात वि + मुच् म्हणजे रथाचे घोडे सोडणं, प्रवास संपल्यावर. इथे तर प्रवास सुरू होतो.

राहिला ‘रिलीज’. आवृत्ती आणि रिलीज एक नव्हेत. गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात, एखाद्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) २.१.० असा टॅग (नावाची चिठ्ठी) टाकला की आवृत्तीला नाव मिळालं. फाइली आणि टिपणं लोकांसमोर ठेवली की तिचं प्रकाशन झालं. मधले दोन दिवस आवृत्ती ठरलेली असते, पण निघालेली नसते. आणि पाहा, क्रियापद आलंच! मराठीत आवृत्ती काढतात, आवृत्ती निघते. ‘२.१.० आवृत्ती निघाली’ लिहा, नामाची गरजच नाही. नाम टाळता येणार नाही तिथे प्रकाशन, आणि रिलीज नोट्सना प्रकाशन टिपणं.