बेळगावातल्या सुपरमार्केटात सुट्या मालाच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला कुणी विचारत का नाही?

पनीर, खवा, फरसाण, लोणची, कुंदा (आपल्या बेळगावची खव्याची मिठाई) असं सगळं वजनावर मिळतं त्या काउंटरबद्दल तुम्ही लिहिलंय. समोर उभं राहिलं तरी मुलं बघत नाहीत, मागाहून आलेल्याला आधी देतात, शंभर-दीडशे ग्रॅम मागितलं की तोंड वाकडं करतात. आपण मराठीत बोलतो म्हणून असं होतं का, आईला एकटीला तिथं पाठवावं का, की जाणंच सोडावं, असं तुम्ही विचारलंय.

तुमचा राग रास्त आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी माणसाने ताटकळत उभं राहावं आणि वर आडवं बोलणं ऐकावं, याला काही कारण नाही. लग्नानंतर बरीच वर्षं मी बेळगावातल्याच शहापुरात सासऱ्यांच्या किराणा दुकानात बसले. आता ते दुकान नाही आणि मीही तुमच्यासारखीच ट्रॉली ढकलत फिरते. त्यामुळे काट्याच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिलं ते सांगते.

सुपरमार्केटात बाकीच्या मालाला माणूस लागत नाही. साबण, बिस्किटं, तूरडाळीचं पाकीट, सगळ्यावर वजन आणि किंमत छापलेली. आपण उचलायचं आणि बिलाला जायचं. मुळात माणसं कमी लागावीत म्हणूनच दुकान असं मांडलेलं असतं. सुट्या मालाचा काउंटर तेवढा या हिशोबात बसत नाही. तिथं कुणीतरी झाकण उघडायचं, कापायचं, तोलायचं, पिशवीला गाठ मारायची, स्टिकर लावायचं. आणि मालक काटकसर करतो ती नेमकी तिथंच. संध्याकाळी सातला, ऑफिसं सुटून सगळी आत शिरतात तेव्हा, काउंटरवर एकच मुलगा. तोच भाजी तोलतो, दुधाचे क्रेटही तोच आत ओढतो, आणि मधेच कुणी हाक मारली की काउंटर सोडून पळतो.

त्यात तिथं पैसे द्यायचे नसतात. आमच्या दुकानात तोलणारा आणि पैसे घेणारा माणूस एकच असायचा. गिऱ्हाईक नाराज झालं तर ते तोंडावर कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक समोरच्या दुकानात उभं दिसलं की सासरे रात्री जेवताना विचारायचे, "काल काय झालं होतं?" इथं तोलणाऱ्याला गिऱ्हाईक तुटल्याचं कधी कळतच नाही. बिलावरच्या मुलीला सांगावं तर ती म्हणते, "ते तिकडं विचारा." तिकडच्याला सांगावं तर तो म्हणतो, "बिलावर सांगा." मधल्या मधे आपली तक्रार मालकाच्या कानावर जातच नाही. माझ्या मते अर्ध्याहून जास्त दुखणं इथं आहे.

मागच्या श्रावणातली गोष्ट. मी काउंटरवर उभी होते, शेजारी एक म्हातारे गृहस्थ, हातात कापडी पिशवी, बोलण्यावरून खानापूरकडचे वाटले. "शंभर ग्रॅम खवा दे बाबा," म्हणाले. मुलगा मोबाईलवरून नजर न काढता बोलला, "अर्ध्याच्या खाली देत नाही वो काका." का रे, म्हणून त्यांनी विचारलं, तर "नाही म्हटलं की!" ते गप्प झाले आणि पिशवीची घडी घालायला लागले. खव्याच्या ट्रेवर किलोचा भाव लिहिलेला होता. कमीत कमी किती घ्यायचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "हा नियम कुणी केला ते सांग, नाहीतर मॅनेजरला बोलव." मॅनेजर आले, "देतो की वैनी, देतो," म्हणाले आणि त्या मुलाला सगळ्यांदेखत कन्नडमधून झापलं. काकांना खवा मिळाला. पण काउंटरच्या मागे बसायला एक स्टूलसुद्धा नव्हतं, तेही मी पाहिलं. दिवसभर पायावर उभ्या असलेल्या मुलाला शंभर ग्रॅमसाठी परत फ्रिज उघडणं जड जातं. त्याने म्हाताऱ्या माणसाला तसं तोडून बोलायला नको होतं, हे खरंच. तरी तो नियम त्याला कुणीतरी वरून सांगितलेला होता, हे मॅनेजरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि बोलणी त्या मुलाने खाल्ली. याची मला जास्त चीड आली.

आता भाषेचं. सीमाभागात हा संशय मनात येणं साहजिक आहे, आणि तो येण्यासारखं इथं बरंच काही घडलेलं आहे. पण मी जे बघते त्यात कन्नड बोलणाऱ्या अक्कांनाही त्याच काउंटरवर "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) ऐकून दहा मिनिटं उभं राहावं लागतं. मुलगा कन्नड बोलणाऱ्या बैलहोंगलकडचा असो की मराठी बोलणाऱ्या खानापूरचा, समोर गर्दी झाली की सगळ्यांशी सारखाच तुटक वागतो. रविवार पेठेत जा, व्यापारी एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी हिंदीत भाव करतो आणि कुणाचा माल चुकत नाही. गिऱ्हाईक हवं असलं की भाषा आड येत नाही, हे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. केवळ मराठी बोललात म्हणून कुणी माल द्यायचं नाकारलं, तर मात्र ते गर्दीच्या खात्यावर टाकू नका. तिथल्या तिथं मालकाला बोलवा आणि काय झालं ते लिहून द्या.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण मला वागणुकीपेक्षा महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे वजन. आपण घाईत असतो, मुलगा घाईत असतो, आणि पैसे जातात ते या घाईतच. काट्यावर काही ठेवायच्या आधी आकडा शून्य आहे ना, ते बघा. डबा किंवा खोका ठेवला की टेअरचं बटण दाबून आकडा परत शून्यावर आणायचा आणि मगच माल घालायचा. खोक्याचं वजन मालात धरता येत नाही, कायद्याने ते कमी माल दिल्यासारखंच आहे. कुंद्याचं उदाहरण घ्या. किलोला पाचशेचा भाव धरला आणि रिकामा खोका साठ ग्रॅम भरला, तर तीस रुपये पुठ्ठ्याचे गेले. सणासुदीला चार घरी द्यायला चार खोके घेतले तर हिशोब तुम्हीच करा.

पनीरला तर डोळ्यात तेल घालून बघा. टबातल्या पाण्यातून तुकडा उचलतात आणि तसाच पिशवीत टाकतात. पिशवीच्या कोपऱ्यात पाणी साठलेलं स्पष्ट दिसतं आणि ते पनीरच्या भावाने तोललं जातं. "आधी निथळू दे, मग ठेव," एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता. माझ्या सांगण्यावर आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूलाही दिसला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी त्या बाजूला जाहिरातीचा बोर्ड किंवा चॉकलेटची बरणी ठेवलेली असते, ती बाजूला करायला सांगायला काहीच हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, दर 12 महिन्यांनी पडताळणी करून घ्यावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. आमच्या दुकानात ते गल्ल्याच्या मागे, गणपतीच्या तसबिरीखाली असायचं आणि मुदत संपायच्या आत सासरे स्वतः जाऊन काम करून आणायचे.

शिळ्या मालाची भीती असेल तर ट्रेवरची तारीख बघा. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं सक्तीचं आहे. कुंदा, पेढे, बर्फी, सगळं त्यात आलं. तारीख नसेल तर विचारा, आणि उत्तर म्हणून "ताजंच आहे की वो" एवढंच आलं तर घेऊ नका. खायचा पदार्थ छापील वर्तमानपत्रात बांधून देणंही चालत नाही. फरसाणाच्या बाबतीत हे अजून सर्रास चालतं.

आणि बिल. स्टिकर म्हणजे बिल नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. खाद्यपदार्थांच्या बिलावर 1 जानेवारी 2022 पासून दुकानाचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक छापावा लागतो. पनीर घरी आणून उघडल्यावर आंबट वास आला तर हे बिलच तुमच्या हातात असतं. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी खराब मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे देणं दुकानदारावर बंधनकारक आहे. अर्थात पनीरसारखी नाशवंत वस्तू त्याच दिवशी, पिशवीसकट, फोटो काढून परत न्यायची. चार दिवसांनी नेलीत तर तुमच्या घरी बिघडली की त्यांच्या, हा वाद कुणालाच सुटणार नाही.

वागणुकीबद्दल मात्र काउंटरवर भांडू नका. त्याने तुमचं पनीर लवकर मिळत नाही आणि त्या मुलाच्या हातात काही बदलणंही नसतं. मालक सकाळी दुकानात असतो तेव्हा जा, नाव आणि वेळ सांगून बोला: अमुक दिवशी, संध्याकाळी साडेसातला, मला पंधरा मिनिटं कुणी विचारलं नाही, माझ्या मागच्या दोघांना आधी दिलं. "तुमची सर्व्हिस वाईट आहे" असं मोघम बोललं की मालक मान हलवतो आणि विसरतो. मी ज्या दुकानात जाते तिथं आम्ही गल्लीतल्या काही बायकांनी मिळून असंच सांगितलं आणि दोन गोष्टी मागितल्या: संध्याकाळी दुसरा माणूस आणि नंबराचे टोकन. टोकन अजून आलेलं नाही. पण संध्याकाळी सहानंतर दुसरी मुलगी उभी राहते, आणि तेवढ्याने बराच फरक पडला. आधी कोण आलं हे ती तोंडाने विचारते, म्हणून रांगेतली भांडणंही कमी झाली.

मालक ऐकतच नसेल आणि प्रश्न वजनाचा, बिलाचा किंवा खराब मालाचा असेल, तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथं 17 भाषांत तक्रार घेतात, त्यात मराठीही आहे आणि कन्नडही. आपल्या भागातल्या वयस्कर माणसांना हे जरूर सांगा. तक्रार करायची म्हणजे कन्नडमध्ये अर्ज लिहून द्यावा लागेल, या धास्तीने कितीजण गप्प बसतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथं फी नाही, आणि 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. सीमेवरच्या लोकांना याचा मोठा उपयोग आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात खरेदी केली तर तो बेळगावच्या आयोगाकडे जाऊ शकतो, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडहून बेळगावला बाजाराला येणारा कोल्हापूरच्या. पावशेर पनीरसाठी कुणी आयोगापर्यंत जाणार नाही, हे मलाही कळतं. पण दिवाळीत पाच किलो मिठाई घेतली आणि ती खराब निघाली, तर जावं.

जाणं सोडावं का, याचं उत्तर वस्तूवर आहे. खवा आणि कुंदा मी सुपरमार्केटातून घेत नाही. ज्यांचा धंदाच तो आहे अशा जुन्या मिठाईवाल्यांकडे माल रोज संपतो आणि मालक स्वतः गल्ल्यावर असतो. पनीर घाईच्या दिवशी बंद पाकिटातलं घ्यावं, त्यावर वजन, तारीख, किंमत सगळं छापलेलं असतं. फरसाण आणि लोणच्यासाठी सुपरमार्केट चालतं, मात्र सकाळी अकराच्या सुमारास, जेव्हा काउंटरवरचा मुलगा दमलेला नसतो आणि आपल्याशी दोन शब्द नीट बोलू शकतो.

आईंना जाऊ द्या, अडवू नका. वस्तू आणि ग्रॅम लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातात द्या, आणि दुकान फोनवर ऑर्डर घेत असेल तर सकाळीच सांगून ठेवा म्हणजे उभं राहावं लागणार नाही. फक्त आधीच बांधून ठेवलेली पिशवी त्यांनी तशीच उचलू नये; समोर परत काट्यावर ठेवायला सांगावी आणि आकडा चिठ्ठीशी जुळवून मगच बिलाला जावं.