एइरची उपासना: नव्याने सुरुवात करताना

स्वागत! आधी एक सांगतो, एइर या नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) उपचारदेवतेबद्दल जुनं लिखाण ओंजळभरच आहे. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी या लेखकाने तिला सर्वोत्तम वैद्य म्हटलं. 'फ्योल्स्विन्समाल' काव्यात ती मेंग्लोद नावाच्या तरुणीच्या सख्यांमध्ये दिसते. एका यादीत तर ती वाल्किरी, म्हणजे युद्धात कोण मरणार ते निवडणारी दैवी स्त्री, आहे! एवढं वाचून घे. तिचे ठरावीक रंग, रत्नं हे सगळं अलीकडचं. आवडलं तर खुशाल वापर, फक्त प्राचीन म्हणून सांगू नकोस.

सुरुवातीला एवढं पुरे:

- स्वच्छ पाणी किंवा मीड (मधापासूनचं मद्य) अर्पण कर, साध्या शब्दांत बोल. महागडी मूर्ती नंतर.
- प्रथमोपचार शीक, आजाऱ्याला जेवण नेऊन दे. माझ्या मते तिला हेच जास्त आवडेल.
- अनोळखी मुळ्या पोटात घेऊ नकोस. डॉक्टरांची औषधं तर अजिबात थांबवू नकोस.

रून्स (जुनी नॉर्स अक्षरं) आणि सेइद (नॉर्स जादूविधी) यांचं पुढे बघू.