जाहिरातीतल्या मुली इतक्या बारीक का असतात, आणि त्यांच्या वजनावर कायदा आहे का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की मुलगी १६ वर्षांची आहे, उंची १६० सेंटिमीटर, वजन ४८ किलो. कपड्यांच्या ॲपवरच्या मुलींसारख्या आपल्या मांड्या नाहीत म्हणून दोन महिन्यांपासून तिने रात्रीचं जेवण बंद केलंय. जाहिरातीत इतक्या बारीक मुलीच का घेतात आणि याला कुठे कायदा नाही का, असं तुम्ही विचारलंय. मुलीबद्दल शेवटी लिहिते. आधी त्या मांड्यांबद्दल, कारण तशा मांड्या पडद्यावर घडवायचं काम मी नऊ वर्षं केलं आहे.

मी फोटो रिटच करते, म्हणजे काढलेला फोटो संगणकावर हवा तसा बदलून देते. लोअर परळच्या एका स्टुडिओत कपड्यांच्या कॅटलॉगचं काम करायचे. आता दागिने आणि भांड्यांचे फोटो घेते, माणसांचे घेत नाही.

"लोकांना बारीकच आवडतात" हे उत्तर तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. मला ते पटत नाही. याची सुरुवात शिवणाच्या टेबलावर होते. नवीन कपडे दुकानात यायच्या कितीतरी आधी प्रत्येक डिझाइनचा एक नमुना शिवतात, त्याला सॅम्पल म्हणतात. तो एकाच मापात शिवतात. पाच मापांत शिवायचा तर मास्टरजींचा वेळ आणि कापड दोन्ही पाचपट लागेल. तोच नग रॅम्पवर जातो, तोच मासिकाच्या शूटला जातो, पुष्कळदा जाहिरातीतही तोच दिसतो. मग त्यात मावेल अशी मुलगी शोधतात. माप लहान ठेवायचं कारणही कामाच्या सोयीचं आहे. उंच, सपाट अंगावर कापड हँगरवर लटकावं तसं सरळ पडतं. छाती आणि नितंब भरलेले असले की प्रत्येकीचा उतार वेगळा, प्रत्येकीला फिटिंग वेगळं. सपाट अंगांत फरक कमी, म्हणून शोच्या आदल्या रात्री मुलगी बदलली तरी कपडा चालतो.

एकदा ते माप ठरलं की पुढचं सगळं त्याच्या मागे फरफटत जातं. डिझायनर म्हणतात, मॉडेल पुरवणारी एजन्सी अशाच मुली पाठवते. एजन्सी म्हणते, डिझायनर हेच माप मागतात. मासिकवाले म्हणतात, आमच्याकडे आलेले कपडेच एवढे. मधल्या मध्ये १७-१८ वर्षांच्या मुलीला कुणीतरी टेप लावून सांगतं की कंबर अजून दोन सेंटिमीटर कमी कर. युरोपातल्या बड्या ब्रँडांचे मालक एलव्हीएमएच आणि केरिंग यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं की फ्रेंच ३२ या अगदी लहान मापाच्या मॉडेल यापुढे घेणार नाही आणि मोठ्यांच्या कपड्यांसाठी १६ वर्षांखालच्या मुली घेणार नाही. तोवर काय चाललं होतं, ते या घोषणेतूनच कळतं.

या साखळीच्या शेवटच्या कडीला मी होते. कंबर आत घ्यायची, मांड्यांमध्ये फट पाडायची, दंड निमुळते करायचे, हे तुम्ही ऐकलं असेल. दुसरं काम बाहेर कुणाला माहीत नसतं. एकदा उघड्या पाठीच्या ब्लाउजचं शूट आलं. मुलगी १९-२० ची असेल. पाठीचे मणके एकेक करून मोजता येत होते. ग्राहकाचा निरोप आला, "फार हडकुळी दिसतेय, जरा भरून दे." मी मणक्यांमधल्या सावल्या उजळल्या, फासळ्या पुसल्या, गालांवर थोडं मांस चढवलं, डोळ्यांखालचं काळं काढलं. पाठीवर आणि हातांवर मऊ, बारीक लव होती, तीही साफ केली. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर ऊब धरण्यासाठी अशी लव येते, हे मला पुष्कळ नंतर एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती कोण होती, पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. तिच्या अंगाने दिलेली खूण मी माझ्या हाताने पुसली होती.

म्हणजे तुमची मुलगी जे बघते त्यात कंबर उपाशी मुलीची असते आणि चेहरा, केस, कातडी पोटभर जेवणाऱ्या मुलीची. असं शरीर कुणाचंच नसतं, त्या मॉडेलचंही नाही. कपडासुद्धा खरा नसतो. पाठीमागून तो चिमट्यांनी आवळलेला असतो, म्हणून पुढून इतका नेमका बसलेला दिसतो.

आता कायद्याचं. ऑगस्ट २००६ मध्ये उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ शहरात लुइसेल रामोस ही २२ वर्षांची मॉडेल रॅम्पवर चालून आली आणि हृदय बंद पडून गेली. पुढच्याच महिन्यात माद्रिदच्या फॅशन वीकने १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मुलींना बंदी केली. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १७५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीला १८ गाठायला ५५ किलो लागतात. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन गेली. वय २१, वजन ४० किलोच्या आसपास. फेब्रुवारी २००७ मध्ये लुइसेलची धाकटी बहीण एलिआना गेली. तीही मॉडेल, वय १८. सहा-सात महिन्यांत एकाच घरातून दोन मुली.

इस्रायलने २०१२ मध्ये कायदा केला आणि तो २०१३ पासून लागू झाला. मॉडेलचा बीएमआय १८.५ च्या खाली नको, गेल्या तीन महिन्यांतला डॉक्टरांचा दाखला हवा, आणि संगणकावर बारीक केलेला फोटो असेल तर जाहिरातीत तसं छापायचं. फ्रान्समध्ये आधी असाच आकडा घालायचं चाललं होतं. शेवटी तो सोडून निर्णय डॉक्टरांवर ठेवला. २०१७ पासून तिथे दाखल्याशिवाय मॉडेलला काम देता येत नाही. दिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ७५,००० युरोंपर्यंत दंड. शरीर बारीक किंवा जाड करून छापलेल्या व्यावसायिक फोटोवर 'रिटच केलेला फोटो' असं लिहिणंही १ ऑक्टोबर २०१७ पासून सक्तीचं आहे. नॉर्वेत असा नियम जुलै २०२२ पासून आहे आणि तो पैसे घेऊन फोटो टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही लागू होतो.

यातला फ्रान्सचा दाखला मला सगळ्यात जास्त पटतो, कारण त्यात जबाबदारी काम देणाऱ्यावर येते. बीएमआयला हाड, स्नायू, मुलीची ठेवण यातलं काही दिसत नाही, ते डॉक्टरला दिसतं. फोटोखालच्या ओळीवर मात्र माझा भरवसा नाही. अशा सूचना वाचून बघणाऱ्या मुलींना स्वतःच्या अंगाबद्दल बरं वाटतं का, याचे बरेच अभ्यास झाले आणि बहुतेकांत फारसा फरक पडला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या कमरा आत ढकलायचे आणि संध्याकाळी डोंबिवली लोकलच्या काचेत स्वतःला बघून पोट आत घ्यायचे. ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

ब्रिटनमध्ये कायद्याऐवजी जाहिरातींवर देखरेख ठेवणारी एएसए ही संस्था तक्रार आली की निकाल देते. २०१५ मध्ये तिने इव्ह सँ लोराँची, २०१६ मध्ये गुचीची जाहिरात मॉडेल आजारी वाटावी इतकी बारीक दिसते म्हणून थांबवली. २०२५ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर, नेक्स्ट आणि झारा यांच्यावर तीच वेळ आली. झाराने सांगितलं की दोन्ही मॉडेलकडे तब्येत ठीक असल्याचे दाखले आहेत. संस्थेने फोटोतल्या सावल्या, मागे चापून बांधलेले केस, वर आलेली गळ्याची हाडं यांकडे बोट दाखवलं. नेक्स्टच्या निकालात कॅमेऱ्याचा कोन आला. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण आमच्या कामात हेच तर चालतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवला की पाय वीतभर वाढतात, रिटचिंगची गरजही पडत नाही. मुलगी ठणठणीत असली तरी फोटो आजारी असू शकतो, आणि घरोघरी पोचतो तो फोटो.

भारतात मॉडेलच्या वजनाची मर्यादा घालणारा कायदा नाही. मुंबईतली एएससीआय ही जाहिरातदारांचीच संस्था तक्रारी घेते. गोरेपणाच्या क्रीमसाठी तिने २०१४ मध्ये नियम केले, सावळ्या रंगाला कमी लेखू नका म्हणून. बारीकपणाबद्दल असे खास नियम माझ्या पाहण्यात नाहीत. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र एक कलम आहे: मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीने मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड निर्माण करता कामा नये. मुलीने बघितलेली जाहिरात खास तिच्या वयाच्या मुलींसाठी असेल तर या आधारावर तक्रार करता येईल. करा. ब्रिटनमधले निकालही अशा तक्रारींमुळेच लागले.

पण सगळं जाहिरातींवर ढकलून चालणार नाही. "खात्यापित्या घरची दिसते" हे आपल्याकडे कौतुक होतं. माझी आजी ते अभिमानाने म्हणायची. आता तेच एखाद्या मुलीला म्हणून बघा. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवरही भरलेलं अंग चांगलं समजत. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेने टीव्ही येताच आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळेतल्या मुलींची पाहणी केली. खाण्याबाबत धोक्याची लक्षणं दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. पाहणी लहान होती, दर खेपेला साठ-पासष्ट मुली, पण तीन वर्षांत एवढं बदललं. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' छापायला टीव्हीची वाट बघावी लागली नव्हती. गणपतीत भेटल्यावर मावशी-काकूंचं पहिलं वाक्य अजून "सुटलीस गं" नाहीतर "वाळलीस गं" असंच असतं. तुमच्या घरात ते बोलणं आजपासून बंद करा, आणि स्वतःच्या पोटाबद्दल तिच्यासमोर बोलणंही.

आता मुलगी. ४८ किलो आणि १६० सेंटिमीटर म्हणजे बीएमआय १८.७५. मोठ्या माणसांत १८.५ च्या खाली वजन कमी धरतात. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २३ ला आहे, म्हणजे तिच्या उंचीला जवळजवळ ५९ किलो. १८ वर्षांखालच्यांना वयानुसार तक्ते वेगळे असतात, ते बालरोगतज्ज्ञ बघतील. पण तिला वजन कमी करायची गरज कुठल्याही हिशेबाने दिसत नाही, आणि ४८ हे जेवण सोडल्यानंतरचं वजन असेल तर आधी किती होतं ते डॉक्टरांना नक्की सांगा.

"अगं, ते फोटो खोटे असतात" एवढं सांगून थांबू नका. माझ्यावरच त्याचा उपयोग झाला नव्हता. रात्री तिच्याबरोबर जेवायला बसा, पण तिच्या ताटातले घास मोजू नका. पाळी चुकतेय का, उठताना चक्कर येते का, हातपाय गार पडतात का, जेवल्या जेवल्या ती बाथरूममध्ये जाऊन बसते का, एवढं बघा. यातलं काहीही असेल तर या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नावही त्यांच्याकडूनच घ्या. यातलं काही नसलं तरी दोन महिने रात्रीचं जेवण बंद आहे, तेवढ्यासाठी एकदा दाखवाच. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालेल.