चाकं तंतोतंत सरळ बसवूनही गाडी सपाटीवर मागे का पडते?

तुम्ही लिहिलंय की मुलीची पाइनवूड डर्बीची (बिनइंजिनाच्या छोट्या लाकडी गाड्या उतारावरून सोडायची मुलांची शर्यत) गाडी उतारावर पुढे असते, पण सपाटीवर येताच मागे पडते, आणि चारही चाकं तुम्ही गुण्या लावून सरळ बसवली आहेत. माझ्या मते खोट त्या सरळपणातच आहे.

मुलाच्या पहिल्या गाडीला मीही असंच केलं होतं. टेबलावर ती सुतासारखी सरळ जायची. ट्रॅकवर मात्र डाव्या-उजव्या चाकांच्या मधून जाणाऱ्या उंच पट्टीला एकदा डावं चाक घासायचं, एकदा उजवं, आणि शेवटपर्यंत तसंच खडखडत जायची. 1953 साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फींनी ही शर्यत सुरू केली, तेव्हापासून गाडीला ताकद मिळते ती फक्त उंचीची. दर धडकेला त्यातली थोडी वाया जाते आणि ती परत मिळवायची सोयच नाही. चाकाचा आस म्हणून हाताने बसवलेला खिळा शंभर टक्के सरळ राहत नाही, म्हणून गाडी कुठेतरी वळणारच. मग ती कुठे वळेल हे आपणच ठरवलेलं बरं: पुढचं एकच चाक पट्टीला हलकेच टेकून राहील आणि मागची दोन्ही पट्टीपासून लांब राहतील, अशी गाडी लावायची.

आधी मागची चाकं, कारण बहुतेक वजन त्यांच्यावर असतं. दोन्ही खिळे साधारण 3 अंश वाकवा आणि बाक वर येईल असे बसवा. चाकांचा वरचा भाग किंचित आत झुकलेला दिसेल. अशा तिरप्या आसावर चाक आपोआप बाहेर, खिळ्याच्या डोक्याकडे सरकतं आणि गाडीच्या अंगाला घासत नाही. गुळगुळीत फळीवर गाडी हळू पुढे ढकला, मग मागे ओढा. दोन्ही वेळा चाक डोक्याशी जाऊन थांबलं पाहिजे. पुढे जाताना आत आणि मागे येताना बाहेर सरकत असेल, तर त्या चाकाचं तोंड आत वळलंय. खिळ्याच्या डोक्यावर आधीच करवतीने बारीक खाच पाडून ठेवली असेल तर स्क्रूड्रायव्हरने तो केसभर फिरवता येतो. मला एकेका चाकाला अर्धा तास लागतो. इथे घाई केली की पुढची मेहनत फुकट जाते.

पुढचं एक चाक दीड-दोन मिलिमीटर उचलून ठेवा, म्हणजे ते फिरवण्यात शक्ती जात नाही. दुसऱ्याचा खिळा साधारण दीड अंश वाकवून बाक खाली ठेवा. फळीवर 4 फुटांची सरळ रेघ आखा, फळीचं एक टोक जेमतेम उचला आणि गाडी न ढकलता सोडा. 4 फुटांत ती 4 इंच बाजूला गेली पाहिजे. टेकणारं चाक डावं असेल तर गाडी उजवीकडे जायला हवी, म्हणजेच पट्टीच्या दिशेला. उलटी जात असेल तर खिळा दुसऱ्या बाजूला फिरवा. हे सगळं पूर्ण वजन भरूनच करा, कारण वजन हललं की माप बदलतं. 5 औंसांच्या मर्यादेत तोलाचा बिंदू मागच्या आसाच्या पुढे इंचभर असू द्या. त्याहून मागे नेला तर पुढचं चाक हलकं पडून पट्टी सोडतं.

मात्र त्याआधी तुमच्या शर्यतीचे नियम वाचा. काही ठिकाणी वाकवलेले खिळे चालत नाहीत, काही ठिकाणी चारही चाकं टेकलेलीच लागतात. तसं असेल तर खिळे सरळच राहू द्या, पण मागच्या चाकांची ती पुढे-मागे करायची तपासणी तरी नक्की करा.

माप जमलं की खिळ्यांना आतून गोंदाचा एकेक थेंब द्या, पण चाकाच्या बाजूला ओघळू देऊ नका. मग वंगण म्हणून चाकांत ग्रॅफाइटची पूड भरून ट्रॅकवर सराव करा. उतार संपून सपाटी सुरू होते तिथे कान देऊन उभे राहा. एकसारखी बारीक सरसर ऐकू आली तर गाडी लागली. टक-टक ऐकू आलं तर ती पट्टी सोडून परत आपटतेय, तेव्हा 4 इंचांचे 5 करून पुन्हा सोडून बघा.